सकाळी डोळस, संध्याकाळी आंधळी?

प्रश्न : वय ३२. डोंबिवलीत सासरी राहते, नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात. कॉलेजात असताना रेटिनायटिस पिगमेंटोसाचं निदान झालं. समोरचं बऱ्यापैकी दिसतं, बाजूचं जवळजवळ नाही आणि अंधार पडला की काहीच नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आहे. सकाळी घडीची पांढरी काठी पर्समध्ये असते, संध्याकाळी परतताना ती उघडते. सोसायटीतल्या एका बाईंनी सासूबाईंना विचारलं, "तुमची सून सकाळी तर भराभरा चालत जाते, मग संध्याकाळी काठी कशाला? सवलतीसाठी का?" लोकलच्या दिव्यांग डब्यात मोबाईल वाचताना दिसले की "सर्टिफिकेट दाखवा" म्हणणारे भेटतात. पहिलीतल्या मुलीला वर्गात कुणी तरी म्हणालं, "तुझी आई नाटक करते." ऑफिसात उलटा प्रकार : साहेब चांगले आहेत, पण काम देत नाहीत. "तुम्ही बसा, डोळ्यांना ताण नको." सासूबाई म्हणतात, काठी सोड, लोकांना कशाला दाखवायचं. समजावून समजावून थकले. कधी वाटतं, काठी टाकून द्यावी. कधी वाटतं, काळा गॉगल लावून दिवसभर काठी हातात धरावी आणि मला काहीच दिसत नाही असं सांगून मोकळं व्हावं. नीट आंधळी असते तर बरं झालं असतं. काय करू?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी मी थांबले, कारण तुम्ही म्हणता तशी 'नीट आंधळी' मी आहे. मला उजेडही कळत नाही. तुमचं पत्र संगणकाने वाचून दाखवलं. तेव्हा इकडची हकिगत आधी सांगते.

माझ्यावर कुणी संशय घेत नाही, हे खरं. पण देवळाबाहेर रिक्षाची वाट बघत उभी राहिले तर हातात नाणं पडतं. हॉटेलात वेटर माझ्या भाचीला विचारतो, "यांना काय आणू?" दवाखान्यात पोट माझं दुखत असतं आणि कुठे दुखतंय ते शेजारच्याला सांगावं लागतं. चहा केला तर "कमाल आहे हो तुमची!" "गाता का हो?" हा प्रश्न तर ठरलेला, कारण देवाने डोळे नेले म्हणजे गळा दिलाच असणार. (मी गायला लागले तर खोली रिकामी होईल.) कानही काही जास्त तीक्ष्ण झालेले नाहीत, त्यांच्याकडे लक्ष द्यायची सवय लागली एवढंच. तेव्हा काहीच दिसत नाही म्हणून सांगितल्याने सुटका होईल असं समजू नका. संशय जाईल आणि कीव येईल. साहेबांचं "तुम्ही बसा" तर मग कायमचंच.

शिवाय ते सोंग टिकणारही नाही. तुम्हाला मोबाईल वाचता येतो, मुलीच्या वहीतली चूक दिसते, समोरून येणारी ओळखीची बाई दिसते. रोज कुठे ना कुठे पकडल्या जाल. आणि ज्या समजुतीने तुम्हाला छळलंय, की माणूस एक तर ठार आंधळा असतो नाही तर डोळस, तिला तुमचीच साक्ष मिळेल. उद्या तुमच्यासारखंच अर्धवट दिसणारी एखादी कॉलेजातली पोरगी त्याच डब्यात चढेल. तिचं काम आणखी अवघड होईल.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. अंध म्हटल्या जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना काही तरी दिसत असतं : कुणाला उजेड, कुणाला हालचाल, कुणाला फक्त कडेचं आणि मधलं नाही. सगळा मिट्ट काळोख असणारे आम्ही थोडे. कायद्यालाही हे माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधली अंधत्वाची व्याख्या तीन प्रकारे लागू होते. अजिबात न दिसणं हा एक प्रकार. दुसरा, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असणं, म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं ते ३ मीटरवर येऊनही न दिसणं. आणि तिसरा, दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणं. हात ताठ पुढे करून मूठ वळली, तर ती मूठ जेवढी जागा झाकते तेवढे साधारण १० अंश. दोन निकोप डोळ्यांना मिळून आडवं १८० अंशांच्या आसपास दिसतं. म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावरची खालची बारीक ओळ वाचणारा माणूसही कायद्याने अंध असू शकतो.

तुमच्या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या दंडपेशी आधी मरतात. मंद उजेडात दिसणं आणि कडेचं दिसणं ही त्यांची कामं. मधलं, बारीक आणि रंगीत बघणाऱ्या शंकुपेशी पुष्कळदा बराच काळ टिकतात. म्हणून मोबाईल वाचणारी बाई पायाजवळच्या बादलीला अडखळते. म्हणून सकाळची तुम्ही आणि संध्याकाळची तुम्ही वेगळ्या दिसता. दोन्ही खऱ्या.

आता तुमच्या थकव्याबद्दल. तुम्ही गृहीत धरलंय की ज्याने ज्याने शंका घेतली त्याचं त्याचं समाधान करणं ही तुमची जबाबदारी. मला ते पटत नाही. सोसायटीतल्या बाई, डब्यातले काका, मुलीचा वर्ग, साहेब, सासूबाई या सगळ्यांना तुम्ही सारखंच उत्तर देत सुटला आहात, तेच तेच आणि तेवढ्याच पोटतिडकीने. थकणारच. मी एक साधा हिशेब ठेवते : या माणसाच्या समजुतीवर माझं काही अडून आहे का? असेल तर त्याच्यावर वेळ घालवायचा, पुन्हा पुन्हा घालवायचा. नसेल तर एक वाक्य, आणि पुढे.

डब्यापासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. तिथे कार्ड तपासणं हे टीसीचं आणि रेल्वे सुरक्षा दलाचं काम, खिडकीजवळच्या काकांचं नाही. "मला समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही. टीसी आले की कार्ड त्यांना दाखवीन." एवढं बोलायचं आणि पुन्हा मोबाईल वाचायचा. आवाज चढवायचा नाही, आजाराचं नावही सांगायचं नाही. नाव ऐकलं की लोक उपाय सुचवायला लागतात. काकांच्या बाजूनेही एक सांगते. त्या डब्यात रोज धडधाकट माणसं घुसतात, कुबड्यावाले दारात लोंबकळतात. त्यात बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या येत राहतात. त्यांचा राग खोटा नाही, फक्त चुकीच्या बाईवर निघतोय. हे मनात ठेवलंत तर तो राग अंगाला कमी लागेल.

चढताना कुणी दंड धरून ओढलं तर मात्र सौजन्य बाजूला ठेवा. "सोडा, मी चढते," मोठ्याने. फलाट आणि डब्याच्या मधल्या फटीशी तोल गेला तर मदत करणाऱ्याचा हेतू चांगला होता याचा काही उपयोग नसतो. मदत करू पाहणाऱ्या वाचकांनो, आधी विचारा. हवी म्हटलं तर तुमचा कोपर पुढे करा. आम्ही तो धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो, म्हणजे पायरी आली, वळण आलं हे तुमच्या शरीरावरूनच कळतं. काठी धरून ओढू नका. "तिकडे" असं हात करून सांगू नका, "डावीकडे दोन पायऱ्या" असं सांगा. आणि निघताना "निघतो" म्हणा, नाही तर मी रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते.

सोसायटीतल्या बाई. त्यांच्यावर तुमचं अडून फारसं काही नाही, पण त्या सासूबाईंच्या कानाशी आहेत. सासूबाईंमार्फत निरोप पाठवू नका. एकदा स्वतः जा, दोन मिनिटं उभ्याउभ्या बोला : "तुम्ही विचारलंत असं कळलं. अंधारात मला दिसत नाही, म्हणून संध्याकाळी काठी." पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक. कुणी चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला, धमकावलं, तर वर सांगितलेल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम ९२ मध्ये शिक्षा आहे, ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे माहीत असावं. पण एका कुचकट प्रश्नासाठी ते बाहेर काढू नये असं माझं मत. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला तुम्हाला त्यांच्याच शेजारी बसायचंय.

मुलीची गोष्ट वेगळी. तिथे हवा तेवढा वेळ द्या. सहा वर्षांच्या मुलीला "आईच्या डोळ्यांना बरं नाही" एवढं पुरत नाही, वर्गात तिला त्यावर बोलता येत नाही. एक कोरा कागद घ्या, उभा गुंडाळून बारीक नळी करा, एक डोळा मिटून दुसऱ्याला ती लावायला सांगा आणि तिला पुस्तकातली ओळ वाचू द्या. वाचेल. मग तसंच घरात चालायला सांगा, तुम्ही बरोबर राहा. तिसऱ्या पावलाला तिला सगळं कळेल, आणि वर्गात सांगायला चांगली गंमत मिळेल. डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ मात्र नको. शाळांतून तो हौसेने करतात, पण त्यातून मुलांना फक्त पहिल्या पाच मिनिटांची घाबरगुंडी कळते. ही माणसं रोज कामाला जातात हे कळत नाही. आंधळी कोशिंबीर खेळून कुणाला अंधत्व समजल्याचं मी ऐकलेलं नाही.

वर्गशिक्षिकेशी तुम्ही स्वतः बोला, नवऱ्याला पुढे करू नका. १५ ऑक्टोबर हा आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो, आणि जगभर त्याच दिवशी पांढऱ्या काठीचा दिवस पाळतात. त्या सुमाराला अर्धा तास मागून घ्या. मोठ्या अक्षरात वाचून दाखवा, मोबाईल कसा बोलतो ते ऐकवा, मिळालं तर ब्रेलचं एखादं पान मुलांच्या बोटांखाली द्या, काठी हाताळू द्या. भाषण नको. मुलं काय वाटेल ते विचारतील, "झोपेत स्वप्न दिसतं का?" हेसुद्धा. त्यांच्या प्रश्नांत खोच नसते, म्हणून त्यांना उत्तर देताना दमायला होत नाही.

आता ऑफिस. तुमच्या पत्रात याला दोनच वाक्यं मिळाली, आणि मला तर हेच सगळ्यात गंभीर वाटतं. डब्यातल्या काकांचा संशय उतरायच्या स्टेशनपर्यंतचा. साहेबांची दया तुमची दहा वर्षं खाईल. कामच दिलं नाही तर गोपनीय अहवालात लिहायला काही उरत नाही, बढतीच्या वेळी "यांना अनुभव नाही" म्हणायला सगळे मोकळे. चांगल्या स्वभावाच्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून हा प्रकार जास्त टिकतो.

साहेबांना आजार समजावून सांगू नका. काम मागा. आत्ता दुसरं कुणी तरी करतंय असं एक नेमकं काम निवडा, एखादं रजिस्टर, एखादा मासिक अहवाल, आणि "हे या महिन्यापासून मी करते, अमुक तारखेला टेबलावर ठेवते" असं म्हणा. सोबत काय लागेल ते एका पानावर लिहून द्या : टेबलावर चांगला दिवा, मोठा पडदा, अक्षर मोठं करायची सोय. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकातली सोय, आत्तापासून शिकून ठेवा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. डोळा थकला की कान काम करतो, आणि पुढेमागे नजर आणखी कमी झाली तर त्या दिवशी घाबरून शिकायला बसावं लागत नाही.

मराठी कार्यालयांतली खरी अडचण डोळ्यांची नसून फाँटची असते, हे सहसा कुणी सांगत नाही. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेलं पत्र स्क्रीन रीडरला दिलं की तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाचतो. स्कॅन करून पाठवलेलं परिपत्रक म्हणजे त्याच्या लेखी नुसता फोटो. मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या प्रमाण अक्षरांत लिहा, असे राज्य सरकारचे आदेश आहेत. तेव्हा "मला सोय हवी" असं न म्हणता "पत्रं युनिकोडमध्ये हवीत" असं म्हणा. त्याने सगळ्यांचंच काम हलकं होतं, शोधायला बसलं की कागद सापडतो.

तोंडी बोलून महिना-दोन महिन्यांत काही हललं नाही तर लेखी अर्ज द्या. २०१६ च्या कायद्यातलं कलम २० नोकरीतल्या भेदभावाबद्दल आहे. दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोयी करून देणं सरकारी आस्थापनांवर त्याने बंधनकारक केलंय. कार्यालय सरकारी असेल तर कलम २३ प्रमाणे तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्यापुढे पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची वेळ येत नाही. अर्जाला आवक क्रमांक पडला की माणसं विचार करू लागतात.

तुमच्याच मार्गावर, डोंबिवलीच्या पुढे, उल्हासनगर आहे. तिथल्या प्रांजल पाटील २०१६ मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात ७७३ व्या आल्या. रेल्वे लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. हे उदाहरण लोक आम्हाला छडीसारखं दाखवतात, "बघा, मनात आणलं तर!" मी ते वेगळ्या कारणाने सांगतेय. "यांना जमणार नाही" हा निर्णय दरवेळी काम तपासून घेतलेला नसतो, डोळे बघून घेतलेला असतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की केवळ अंध म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. न्यायाधीशाचं काम जमतं तर मासिक अहवालाचं काय? आणि हो, तुम्ही आयएएस झाला नाहीत तरी तुम्हाला तुमचं काम मिळायला हवं.

सासूबाई. "लोकांना कशाला दाखवायचं" यात मला लाज कमी आणि नातीची काळजी जास्त ऐकू येते. चुकतही असेन, पण विचारून बघा. हा आजार आनुवंशिक आहे, ते त्यांच्या कानावर आलं असणार, आणि मग पोरीचं काय, तिचं पुढे लग्न कसं जमायचं, इथपर्यंत मन धावतं. अर्धवट माहितीची जागा मग ग्रहण, पाप, कुणाची तरी नजर असल्या गोष्टी घेतात. या आजाराच्या आनुवंशिकतेचे प्रकार वेगवेगळे आहेत : काहींत आई-वडिलांपैकी एकाकडून मुलांत येण्याची शक्यता निम्मी असते, काहींत दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच आजार होतो. तुमचा प्रकार कोणता हे जनुकीय चाचणी आणि समुपदेशनातून कळू शकतं. पुढच्या वेळी नेत्रतज्ज्ञांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत आपल्या घरांतून फरक पडतो, त्याचा फायदा घ्या.

तिथेच आणखी एक गोष्ट निकालात निघेल. "ऑपरेशन करून घे," "नेत्रदानात आलेला डोळा बसवून घे" असं नातेवाईक म्हणत असतीलच. नेत्रदानात पूर्ण डोळा बसवत नाहीत. बाहेरचा पारदर्शक भाग, कॉर्निया, तेवढाच बदलतात. तुमचा बिघाड आतल्या पडद्यात आहे. मोतीबिंदू झाला तर त्याचं ऑपरेशन होईल, पण त्याने पडदा सुधारत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की अमुक गावच्या वैद्याकडे जायचा आग्रहही थंडावेल.

राहिली काठी. ती टाकू नका, हे तर आलंच. उलट मी म्हणेन, डोंबिवली आणि सीएसएमटीच्या सकाळच्या गर्दीतही ती उघडा. लोकांना दाखवण्यासाठी नव्हे. बाजूचं दिसत नसताना फलाटाच्या कडेने चालणं दिवसाही धोक्याचंच, आणि पांढरी काठी दिसली की धावत येणारा माणूस निदान तुम्हाला धक्का देणार नाही. सोसायटीच्या रस्त्यावर, भरदिवसा, ओळखीच्या वाटेवर नको वाटली तर खुशाल पर्समध्ये ठेवा. कधी उघडायची हे उजेड आणि गर्दी बघून ठरवा. ती चालवायला रीतसर शिका, थोडं दिसतंय तोवरच. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये चौकशी करा. धोबी तलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र तर तुमच्या ऑफिसपासून फार लांब नाही, संगणकाचं तिथे विचारा.

गॉगलही लावा, पण आंधळं दिसण्यासाठी नको. या आजारात ऊन डोळ्यांवर येतं आणि उजेडातून जिन्यात शिरल्यावर नजर जुळायला वेळ लागतो. पिवळसर किंवा तपकिरी काचांचा पुष्कळांना उपयोग होतो. कोणती छटा ते लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या दवाखान्यात, प्रत्यक्ष लावून, उन्हात आणि सावलीत फिरून ठरवा. फुटपाथवरचा गडद काळा घेऊ नका, सावलीत जे थोडं दिसतं तेही त्याने जाईल.